मसाई मारा की सेरेंगेटी? आधी महिना ठरवा

केनियातलं मसाई मारा राखीव क्षेत्र चांगलं की टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान, असं विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच दृश्य असतं: मगरींनी भरलेल्या नदीत उड्या टाकणारे हजारो विल्डबीस्ट, म्हणजे बैलासारखी दिसणारी मोठी हरणं. हे कळप मात्र ना केनियाचे आहेत, ना टांझानियाचे. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि त्यांच्या जोडीला लाख-दोन लाख झेब्रे पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे वर्षभर फिरत राहतात. मधल्या सरहद्दीवर कुंपण नाही. सेरेंगेटी 14,763 चौरस किलोमीटर आणि मारा सुमारे 1,510, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे कळप वर्षातला बराचसा काळ टांझानियातच असतात. आपल्याला सुट्टी कधी मिळते ते आधी बघा, म्हणजे देशाचा निर्णय अर्धा होऊन जातो.

कुठल्या सुट्टीत कुठे

जुलै अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आपल्याकडे श्रावण-गणपतीच्या दिवसांत, मारा भरलेलं असतं. पण मारा नदी दोन्ही देशांतून वाहते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला कोगाटेंडे परिसरातही कळप हीच नदी ओलांडतात आणि तिथे गाड्यांची गर्दी माराच्या मानाने कमी असते. मात्र तिथला मुक्काम महाग, आणि रस्त्याने जायचं तर टांझानियातल्या अरुशा शहराहून वाटेत एक मुक्काम धरावाच लागतो.

मे महिन्याची सुट्टी सगळ्यात अवघड. मार्च अखेरीपासून मेपर्यंत तिथे मोठा पाऊस असतो. माराची माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी आहे आणि ओली झाली की चाकाला तशीच धरते. अशा वेळी फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली व्हॅन रुतली, तर सकाळची फेरी तिथेच संपली. मेमध्ये कळप सेरेंगेटीच्या मध्य आणि पश्चिम भागात असतात. तेव्हा मेच निश्चित असेल तर महिन्याचा शेवट आणि सेरेंगेटी निवडा.

नाताळच्या सुट्टीत सगळ्यात जास्त फसगत होते. 2024 पासून मारामध्ये परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून रोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज 200 डॉलर प्रवेशशुल्क आहे. नोव्हेंबरपर्यंत कळप दक्षिणेला निघून गेलेले असतात, दर मात्र 31 डिसेंबरपर्यंत दुप्पटच राहतो. नाताळात कळपांसाठी जायचं तर सेरेंगेटीचा दक्षिण भाग. माराच हवं असेल तर 1 जानेवारीनंतर जा. सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ तिथे बारा महिने असतात आणि पैसे निम्मे लागतात.

जानेवारी अखेर ते फेब्रुवारी या काळासाठी आमचं मत स्पष्ट आहे: न्डुटू, सेरेंगेटीच्या दक्षिण भागाला लागून असलेला परिसर. ज्वालामुखीच्या राखेने बनलेल्या तिथल्या मैदानांवर आखूड, खनिजांनी भरलेलं गवत उगवतं, आणि म्हणून विल्डबीस्टच्या माद्या वितात ते तिथेच. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पिल्लं जन्मतात. ओलं पिल्लू लटपटत उठतं, दोनदा तोंडावर पडतं आणि काही मिनिटांत आईमागे पळायला लागतं. तरस आणि चित्ते आसपासच असतात. नदी ओलांडण्याइतकं प्रसिद्ध नसलं, तरी हे बघायला नशिबावर कमी विसंबावं लागतं. न्डुटूचा बराचसा भाग न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येतो. अदृश्य हद्द ओलांडून गाडी सेरेंगेटीत शिरली की वेगळं तिकीट लागतं, हे ड्रायव्हरशी आधीच बोलून घ्या.

तिकिटाचं घड्याळ

माराचं तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 असं बारा तासांचं. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी 10 च्या आत गेटबाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. म्हणून नैरोबीहून उशिरा निघून दुपारी चारला पोहोचणार असाल तर ती रात्र माराच्या सेकेनानी गेटबाहेर काढा आणि दुसऱ्या दिवशी सहाला आत शिरा. दोन तासांसाठी माणशी 200 डॉलर घालवण्यात अर्थ नाही.

सेरेंगेटीचं तिकीट प्रवेशाच्या वेळेपासून 24 तासांचं. हंगामात 70 डॉलर, त्यावर 18 टक्के व्हॅट. आत राहिलात तर मुक्कामाचं शुल्क वेगळं, साधारण तेवढंच. अरुशाहून रस्त्याने जाताना न्गोरोंगोरोतून जावं लागतं, त्याचेही पैसे पडतात, आणि तिथल्या ज्वालामुखीच्या मोठ्या विवरात उतरायचं तर गाडीमागे व्हॅटसह 295 डॉलर. परतताना सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटवर वेळ चुकली तर पूर्ण दिवसाचं शुल्क पुन्हा भरावं लागतं. शेवटच्या सकाळी बिबट्या दिसला म्हणून अर्धा तास जास्त थांबलेल्यांचं इथेच बिनसतं. दर बदलत असतात, म्हणून कोटेशनमध्ये प्रवेश, मुक्काम, विवर आणि व्हॅट या चार ओळी वेगळ्या लिहून मागा. “सगळं धरून” एवढ्यावर भागवू नका.

किती दिवस हाताशी आहेत

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. तिथून नारोकमार्गे मारा पाच-सहा तास. चार रात्री असतील तर केनियाच घ्या. अरुशा ते सेरेंगेटीच्या मध्यावरचं सेरोनेरा सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, पण कच्च्या रस्त्यामुळे सात-आठ तास लागतात. सहा रात्रींपेक्षा कमी वेळ असताना सेरेंगेटी करणं म्हणजे निम्मी सहल धुळीत घालवणं. लहान विमानाने वेळ वाचतो, पण बहुतेक ठिकाणी हातातल्या पिशवीसकट 15 किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊच लागते. कडक सूटकेस सामानाच्या कप्प्यात मावत नाही.

दोन्ही एकाच सहलीत करू, असं नकाशा बघून वाटतं खरं. पण मारा आणि सेरेंगेटीमधली थेट वाट पर्यटकांसाठी बंद आहे. पश्चिमेला इसेबानिया या सरहद्दीवरच्या गावाला वळसा घालून जावं लागतं, तिथे गाडी आणि ड्रायव्हर बदलतात, कागदपत्रं दोन देशांची लागतात आणि अख्खा दिवस जातो. दहा दिवस असतील तरच विचार करा.

नदीकाठी काय होतं

कळप काठावर जमतो, धूळ उठते, पुढचे चार खाली उतरतात, पाणी हुंगतात आणि परत फिरतात. असं दोन-तीन तास चालतं, आणि कधी संध्याकाळपर्यंत कोणी उतरतही नाही. एखादा ड्रायव्हर घाईने गाडी पुढे घालतो, उतरायची वाट अडते आणि सगळा कळप माघारी वळतो. पहिली जनावरं पाण्यात शिरेपर्यंत गाडी लांब हवी, इंजिन बंद हवं. जास्त टीप देतो असं सांगून ड्रायव्हरला पुढे ढकलू नका, नुकसान जनावरांचं होतं. नदीसाठी दोन नाही, किमान तीन पूर्ण दिवस ठेवा.

बाकी प्राण्यांत फरक जागेचा आहे. बिबट्यासाठी सेरोनेरा नदीकाठची झाडं उत्तम. गेंड्यासाठी न्गोरोंगोरो. मारामध्ये क्षेत्र लहान आणि मैदान उघडं, म्हणून कमी वेळात सिंह आणि चित्ते दिसायची शक्यता जास्त. माराला लागून मसाई लोकांच्या जमिनीवर खासगी संरक्षित क्षेत्रं आहेत, नाबोईशो किंवा मारा नॉर्थसारखी. तिथे गाड्या मोजक्या, आणि मुख्य राखीव क्षेत्रात ज्यांना बंदी आहे त्या रात्रीच्या आणि पायी फेऱ्याही करता येतात. महाग आहेत, पण गर्दी सोसत नसेल तर एक रात्र कमी करून इथे राहणं आम्हाला जास्त योग्य वाटतं.

सेरेंगेटीच्या पश्चिम आणि उत्तर झाडीत त्सेत्से माशा चावतात, त्याही कपड्यांतून. निळा आणि काळा रंग त्यांना खेचतो, म्हणून खाकी किंवा फिकट कपडे बरे. पहाटे जॅकेट दोन्हीकडे लागतं. पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनियाहून परतताना प्रमाणपत्र नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. आणि चिवडा, थेपले प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी डब्यांत भरा. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे.