कृषी अभियांत्रिकीची डिग्री: तीन वर्षांचा माझा अनुभव

नाशिकच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. घरी दिंडोरी तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग. प्रवेश घ्यावा का, असं विचारणाऱ्यांसाठी लिहितेय.

नुसत्या सिंचनाच्या प्रॅक्टिकलसाठीही घ्या. ठिबकच्या ताशी ४ लिटर पाणी सोडणाऱ्या ड्रीपरखाली १५ मिनिटं भांडं धरायचं, १ लिटर भरायला हवं. सुट्टीत घरच्या बागेत हेच केलं. कॉकजवळ भांडं बरोबर भरलं, नळीच्या शेवटाला जेमतेम अर्धं! अण्णा म्हणायचे, "तिकडची जमीनच हलकी गं." नळीच्या टोकाचं झाकण (एंड कॅप) काढलं तर तांबूस, गढूळ पाणी. फिल्टर धुतला, सगळ्या नळ्या फ्लश केल्या, आत साचलेले क्षार विरघळवायला आम्लप्रक्रिया केली. यंदा एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्या टोकाच्या वेलींची काडी (नवी फांदी) बाकीच्यांच्या बरोबरीनं आली. अण्णा दोनदा जाऊन बघून आले.

मातीपरीक्षण, ट्रॅक्टरची देखभाल चांगली शिकवतात. शेतीचा हिशेब मात्र उरकून टाकतात. एकरी खर्च, मजुरी, कर्जाचं व्याज हे तर आम्हाला सगळ्यात आधी हवं. आणि परीक्षा नेमकी ऑक्टोबरात, फळासाठीच्या गोडी छाटणीच्या ऐन धामधुमीत. निम्मा वर्ग बागायतदारांच्या घरचा आहे, वेळापत्रक करताना एवढं तरी बघावं.

धाकट्या भावाचा फॉर्म इथलाच भरणार आहोत.