रात्रीत वाळतं का? पंचा, टेरिकॉट आणि कडक भाकरी घेऊन आठ महिने, चार देश

सोलापुरात माझा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे, सात मशिनींचा. फेब्रुवारी ते जून मान वर करायला फुरसत नसते. जुलै उजाडला की मशिनी थंडावतात आणि मी बॅग काढते. त्यामुळे माझं फिरणं कायम उलट्या हंगामातलं, म्हणजे पावसातलं. खोल्या स्वस्त मिळतात, गर्दी नसते आणि कपडे वाळत नाहीत. हा सगळा अनुभव त्या शेवटच्या तीन शब्दांवरच आहे.

गेल्या जुलैपासून तीन फेऱ्या झाल्या. श्रीलंका १८ दिवस, धाकटी बहीण सोबत होती. मग मलेशिया-थायलंड २६ दिवस आणि डिसेंबरात व्हिएतनाम २० दिवस, दोन्ही एकटीनं. मधल्या महिन्यांत तेच सामान घरीही वापरलं. म्हणून आठ महिने म्हणते.

आधी कबुली. पहिल्या फेरीला मी आपला सोलापुरी टर्किश टॉवेल नेला होता. शेजारी यंत्रमागवाले अण्णा आहेत, त्यांच्याच मागावरचा. "अक्का, जगभर आपला टॉवेल जातो आणि तुम्ही दुसरा नेणार का?" म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. टॉवेल उत्तमच आहे, घरी मी दुसरा वापरत नाही. पण कँडीत तिसऱ्या दिवशी त्याला असा कुबट वास मारायला लागला, की बहिणीनं तो काठीनं उचलून गॅलरीत टाकला. चौथ्या दिवशीही तो ओलाच. कारखान्याच्या काट्यावर कोरडा ५२० ग्रॅम भरतो, ओला किती भरत असेल ते पाठीला कळलं.

चूक टॉवेलची नव्हती, माझ्या डोक्यातल्या उन्हाची होती. आपल्याला वाटतं, सोलापूरच्या ४३ अंशांत वाढलेल्या माणसाला बँकॉकचे ३३ काय करणार? तर घ्या. आपलं ऊन कोरडं असतं. माठ बाहेरून पाझरतो, ते पाणी वाळतं, म्हणून आतलं गार होतं. कूलरचंही तेच, अंगाचंही तेच. दमट हवेत पाणी वाळायलाच तयार नसतं. तिथं माठ नुसताच मातीचा घडा होतो आणि आपण घामानं निथळत बसतो, गारवा शून्य. ज्या हवेत आपला घाम वाळत नाही, तिथं टॉवेल कुठून वाळणार? हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही कापडाच्या धंद्यात असून.

दुसऱ्या फेरीपासून सामान ठरवायला एकच प्रश्न ठेवला: रात्री धुतलं तर सकाळी वाळलेलं असेल का? नसेल तर घरी राहायचं.

त्या कसोटीवर पहिला नंबर पंच्याचा. साधा सुती पंचा, लाल काठाचा, १४० ग्रॅम. अंग पुसून झालं की पंख्याखाली दोन-अडीच तासांत कडकडीत. पण खरा उपयोग दुसराच आहे. धुतलेला शर्ट हातानं पिळायचा, कोरड्या पंच्यावर सपाट पसरायचा आणि दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करायची. एक टोक नळात अडकवून दुसऱ्या टोकानं पीळ देत जायचा, अगदी मनगट दुखेपर्यंत. शर्टातलं पाणी पंच्यात येतं. मग पंचा पुन्हा पिळून दोन्ही वाळत घालायचे. एवढ्यानं शर्टाचे वाळायचे तास निम्म्यावर येतात, मी मोजलेत. याशिवाय डोक्याला उन्हात पंचा, कँडीच्या दळदा मंदिरात (बुद्धाच्या दाताचं देऊळ) खांदे झाकायला पंचा (तिथं खांदे-गुडघे झाकलेले लागतात), बसच्या मळक्या सीटवरही पंचाच.

त्याचे दोष पण सांगते. पहिल्या धुण्यात लाल काठाचा रंग माझ्या पांढऱ्या शर्टाला लागला, तो आजतागायत गेला नाही. नेण्याआधी घरी चार वेळा धुवा. आणि ओला पंचा आरपार दिसतो. बायकांनी तो गुंडाळून सामाईक न्हाणीघरातून बाहेर यायचा विचारही करू नये.

मध्ये ऑनलाइन एक मायक्रोफायबरचा टॉवेलही घेऊन पाहिला. वाळतो लवकर, यात वाद नाही. पण अंगाला चिकटतो, पाणी टिपल्यासारखं वाटत नाही आणि आठवडाभरात त्याचा वास टर्किशच्या वरताण. आता मशिनी पुसायला वापरते.

कपड्यांत मला लॉटरी लागली ती घरच्याच मालात. शुद्ध सुती कपडा अंगाला गोड, पण रात्रीत वाळत नाही. निव्वळ पॉलिस्टर वाळतं, पण दुपारपर्यंत घामाचा वास धरतं. शाळेच्या शर्टाचं टेरिकॉट, ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सूत, बरोबर मधलं. तीन कुडते त्याच थानातले शिवले, आकाशी रंगाचे. मलेशियातल्या पेनांगमध्ये एका बाईनं मला खरंच विचारलं, कोणत्या शाळेत शिकवता. शिवताना काखेत वेगळी कळी घाला, हवा खेळते आणि शिवण उसवत नाही. जीन्स नेऊच नका. एक जीन्स व्हिएतनाममध्ये वीस दिवसांत दोनदा धुतली आणि दोन्ही वेळा ओली घातली.

मध्य व्हिएतनाममधल्या ह्युए शहराचं सांगायलाच हवं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथं सलग तीन दिवस रिपरिप. पंचा, टेरिकॉट, पंखा, सगळे हरले. शेवटी किलोवर कपडे धुऊन देणाऱ्या बाईकडे गेले आणि खुणेनं सांगितलं, धुऊ नका, नुसते वाळवून द्या. ती हसली, पैसे पूर्ण घेतले. पण गरम कपडे हातात आले तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हापासूनचा नियम: धुणं हातानं फुकट करा, वाळवणीला पैसे टाका. खोलीत एसी असेल तर ती रात्र मोठ्या धुण्याची. एसी हवेतला ओलावा ओढून घेतो, कपडे पंख्यापेक्षा चांगले वाळतात. मी चार रात्री पंख्याच्या स्वस्त खोलीत आणि पाचवी एसीत काढते.

ह्युएची चूक मात्र माझीच. "पावसाळा" एकच असतो असं आपण धरून चालतो. तिकडं डोंगराची एक बाजू भिजते तेव्हा दुसरी कोरडी असते. श्रीलंकेत जुलैत कोलंबोकडं नैऋत्य मोसमी पाऊस असतो, त्याच वेळी पूर्वेचं त्रिंकोमाली कोरडं. थायलंडमध्ये पश्चिमेचा अंदमानकडचा किनारा मे ते ऑक्टोबर भिजतो, आखातातल्या बेटांना ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतो. व्हिएतनामचा मधला पट्टा साधारण सप्टेंबर ते डिसेंबर पाण्यात, पण त्यातल्या डिसेंबरात सायगावला (म्हणजे हो ची मिन्ह सिटीला) कोरडं ऊन. नकाशा बघून तिकिटं काढली असती तर मी आधी सायगावच गाठलं असतं. आधी हॉटेलांचे दर बघत बसले, दर का पडलेत ते नाही बघितलं.

चादर. पहिल्या फेरीला एकेरी सोलापुरी चादरही घेतली होती, सव्वा किलोची. हसू नका, एसी बसच्या थंडीचं आधीच ऐकलं होतं. कँडीत तीही भिजली. शेवटी गेस्टहाऊसच्या आजींना देऊन आले, त्यांनी लगेच सोफ्यावर अंथरली आणि तिच्यावरच्या मोरावरून हात फिरवत बसल्या. पण दुसऱ्या फेरीत क्वालालंपूरहून पेनांगच्या बसमध्ये तिची आठवण काढली. बाहेर उकाडा, आत दात वाजतात आणि पांघरूण कुणी देत नाही. थायलंडच्या रात्रीच्या एसी स्लीपर रेल्वेत चादर मिळते, तरी गार लागतंच. आता एक पातळ शाल, पायमोजे आणि कानाला पंचा. काम भागतं.

बॅग ४० लिटरची. स्वस्त विमानांत केबिनमध्ये बहुतेक ७ किलोच चालतं, माझं सगळं मिळून सहा-सव्वासहा भरतं. बॅगवर "पाणी आत जात नाही" असं छापलंय. कापडातून नाही जात, चेनमधून जातं. थायलंडमधल्या हात याय शहरात एका सरीत पासपोर्टच्या कडा ओल्या झाल्या, कंपनीला फोटो पाठवले, उत्तर नाही. आता आत कारखान्यातली जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणि त्यात गणवेश पॅक करायच्या छोट्या पिशव्या. रुपया-दोन रुपयांची वस्तू, चार हजारांच्या बॅगचं काम करते.

खाण्याचं. पहिल्या वेळी चाळीस कडक भाकऱ्या नेल्या. घरी डब्यात त्या महिनाभर कुरकुरीत राहतात. त्रिंकोमालीत चौथ्या दिवशी वातड, आठव्या दिवशी कडेला पांढरी बुरशी. भाकरी टिकते ती तिच्यात पाणी नसतं म्हणून. तिथली हवा ते पाणी परत भरते. शेंगाची चटणी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत नीट राहिली, स्टीलच्या डब्यात, कोरडाच चमचा घालायचा. कुठंही साधा भात मिळतो, त्यावर दोन चमचे चटणी आणि पोट खूश. याला दहापैकी दहा.

शाकाहारी असाल तर शब्द पाठ करा, हावभावांवर जाऊ नका. श्रीलंकेत भातासोबतचं खोबऱ्याचं सांबोल निरागस दिसतं, पण त्यात बहुधा सुक्या माशाचा चुरा असतो. थायलंडमध्ये "जे" म्हणा, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की आत शिरा. नुसतं "मांस नको" म्हटलं तर माशाचा रस येतोच. मलेशियात मामाक दुकानांत (तिथल्या भारतीय मुस्लिमांच्या खानावळी) रोटी चनाई आणि डाळ, दीड-दोन रिंगिटात नाश्ता. व्हिएतनाममध्ये शब्द "चाय", म्हणजे शाकाहारी. आणि गंमत बघा, तिकडचे बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास रस्त्यावर चायच्या गाड्या वाढतात. घरच्या कालनिर्णयानं माझं होई आनमधलं सगळ्यात चांगलं जेवण शोधून दिलं.

तब्येतीचं एकच नीट सांगते, कारण त्यावर कुणी लिहीत नाही. बँकॉकला मांडीच्या सांध्यात खाज सुटली. घामोळं समजून मी इकडून नेलेलं मलम लावलं. दोन दिवस आराम, मग दुप्पट पसरलं. तो नायटा होता, आणि त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं. आपल्याकडं असली मिश्र मलमं सर्रास मिळतात, खाज दाबतात आणि आजार वाढवतात. डॉक्टरनं साधं क्लोट्रिमाझोल दिलं, बरं वाटल्यावरही लावत राहायला सांगितलं आणि एक वाक्य सुनावलं: ओले कपडे घालू नका. जीन्स तिथंच टाकून द्यायला हवी होती, ती मी व्हिएतनामलाही नेली. डासांचं थोडक्यात: डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावून निश्चिंत होऊ नका, सकाळीच डासांचं मलम लावा. आणि जुलाब झाले तर ओआरएसची पुडी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

पैशांत मीही फसले. मी गेले तेव्हा थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाहत कापत होतं. थोडे थोडे काढायची आपली सवय, तीन वेळा काढले, म्हणजे दोन रात्रींच्या खाटेचे पैसे गेले. काढायचे ते एकदाच काढा. श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४पासून यूपीआय चालतं, मोठ्या दुकानांत मी वापरलं, रिक्षावाल्याला रोखच लागते.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाला २५ डॉलर. शोधताना वर येणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड तर फुकट आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, त्याचेही पैसे मागणारे भेटतात. मी भरलेत एकदा, किती ते नवऱ्याला सांगितलेलं नाही.

व्हिएतनामचा खर्च विमान सोडून दिवसाला एकोणीसशे रुपये पडला. मलेशियाचा त्याहून जास्त, पण तिथं फळांनी माझा संयम सुटला होता.

अण्णांना सगळं सांगितलं. टॉवेलचा राग आला नाही, उलट पंचा हातात घेऊन बराच वेळ उजेडात धरून बघत होते. "काठाचा रंग पक्का करून देतो," म्हणाले. दोन सांगितलेत. जुलैत इंडोनेशिया आहे, तिकडं तेव्हा जावा-बालीला कोरडा हंगाम असतो, नकाशा आधी बघितलाय. भाकऱ्या या वेळी दहाच.