डिझेल इंजिन मळवायचं कशाने, पावडर की वॉश?

मॉडेल रेल्वेतलं एचओ म्हणजे 1:87 स्केलचं डब्ल्यूडीएम-2 (भारतीय रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन) खोक्यातून काढलं की नव्या खेळण्यासारखं चकचकीत दिसतं. खऱ्या अल्को (मूळ डिझाइन करणारी अमेरिकन कंपनी) इंजिनाच्या छतावर एक्झॉस्टभोवती काजळी आणि बोगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यावर, ब्रेकची तांबूस-तपकिरी धूळ असतेच असते.

काजळीला पावडरच हवी. काळी पिगमेंट पावडर नाहीतर सॉफ्ट पेस्टल घासून केलेली पूड मऊ ब्रशने लावायची, जास्त झाली तर बरीचशी पुसता येते आणि कडा इतक्या अलगद विरतात की खरा धूरच बसलाय असं वाटतं. पण आधी मॅट कोट, म्हणजे बिनचकाकीचं वार्निश, पाहिजे, चकचकीत रंगावर ती टिकत नाही, आणि वरून परत वार्निश मारलं की शेड बरीच फिकी पडते, म्हणून थोडी जास्तच लावा.

वॉशचं बरोबर उलटं, त्याला ग्लॉस किंवा सॅटिन पृष्ठभाग आवडतो. पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग रेडिएटरच्या जाळीत, दारांच्या फटीत, रिव्हेटभोवती आपोआप उतरतो आणि सगळं डिटेलिंग उठून दिसतं, हे पावडरला तितकं जमत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकला तर नीट पसरतो. सपाट बाजूंवर मात्र वाळताना डागांच्या कडा उमटतात आणि अ‍ॅक्रिलिक एकदा सुकला की काढणं अवघड.

पहिल्यांदाच करत असाल तर पावडर घ्या. मी स्वतः बॉडीला आधी वॉश, मग मॅट कोट, शेवटी छत आणि बोगीला पावडर देतो. हँडरेल, होज पाइप त्याआधीच बसवून घ्या. आणि काहीही वापरा, चाकांचा रुळावर टेकणारा भाग आणि पिकअप (चाकांतून करंट घेणाऱ्या पट्ट्या) स्वच्छ ठेवा, नाहीतर करंटच मिळणार नाही.