दीडशेचा चाकू, सातशेचा चाकू आणि हजारापुढचे दोन

भाच्याला सध्या येऊर आणि माहुलीच्या ट्रेकचं वेड लागलंय. परवा म्हणाला, "मामा, घडीचा एक चाकू घ्यायचाय. पाचशेपर्यंत. फार तर हजार. कुठला घेऊ?" माझ्या खणात अशा खरेदीचे अवशेष बरेच आहेत, म्हणून रविवारी त्यातले चार काढून जेवणाच्या टेबलावर मांडले. जोडीला जांभळी नाक्यावरून आणलेले टोमॅटो, दोन कैऱ्या, सुतळीचा गुंडा आणि पार्सलचे रिकामे खोके. बायकोने एवढंच विचारलं, की त्या टोमॅटोंची निदान कोशिंबीर तरी होणार आहे ना.

पहिला स्टेशनबाहेरच्या पथारीवरचा, दीडशेच्या आतला. त्यावर नाव नाही, फक्त 'स्टेनलेस' एवढं कोरलेलं. दुसरा ऑनलाइन मागवलेला, सातशेचा, काळा कुळकुळीत. त्यात सीटबेल्ट कापायची खाच आहे आणि गाडीची काच फोडायचं टोकही. (माझी गाडी म्हणजे टीएमटीची बस. काच फोडायची वेळ अजून आलेली नाही.) तिसरा फ्रान्सचा ओपिनेल, आठ नंबर, लाकडी मुठीचा. चौथा स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा लाल, मिटल्यावर ९१ मिलिमीटरचा. शेवटचे दोन्ही हजारापुढचे, म्हणजे भाच्याचं बजेट ओलांडणारे. तरी ठेवले, कारण स्वस्त वस्तू नेमकी कुठे स्वस्त झाली ते चांगली शेजारी असल्याशिवाय कळत नाही.

चाकू घेताना लोक पातं बघतात, अंगठ्याने धार बघतात. मी आधी सांधा बघतो. बोथट पातं पुन्हा पाजवता येतं, ढिला सांधा घरी सुधारत नाही. दुकानात उभ्याउभ्या करायची परीक्षा अशी: चाकू पूर्ण उघडा, मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून डावी-उजवीकडे हलवा. मग वर-खाली. हलका ठकठक आवाज आला तरी ठेवून द्या, कारण नवा असताना जो हलतो तो सहा महिन्यांनी डुलतो. नंतर चाकू मिटून वरून बघा. पातं दोन बाजूंच्या बरोबर मधोमध बसलंय की एका अंगाला घासतंय? घासत असेल तर प्रत्येक उघडझापीला धारच झिजणार.

पथारीवरचा या परीक्षेत पहिल्याच मिनिटाला गेला. त्याचं पातं एका साध्या रिबिटावर ठोकलेलं आहे. घेतला तेव्हा घट्ट होता, कैरीच्या कोयीभोवती दोनदा फिरवला आणि सैल झाला.

काळ्याची गोष्ट जास्त बोलकी आहे. पातं उघडलं की मुठीतली एक पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडते. हेच त्याचं कुलूप. ही रचना वाईट नाही, महागड्या चाकूंतही तीच असते. पण पट्टी बुडाला नीट, भरपूर टेकायला हवी. बोटं मिटण्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घेऊन मी उघड्या पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकली. तिसऱ्या टोल्याला कुलूप सुटलं आणि पातं मिटलं. बोट वाचलं, कारण बोट तिथे ठेवलंच नव्हतं. असं कुलूप असण्यापेक्षा नसलेलं बरं. कुलूप नसलेला चाकू माणूस जपून वापरतो, खोट्या कुलपावर तो भरवसा टाकतो.

व्हिक्टोरिनॉक्सच्या या लाल चाकूला कुलूप नाहीच. पाठीतली स्प्रिंग पात्याला दाबून धरते, बस्स. पण उघडताना शेवटी जो 'टक्' होतो, तो ऐकला की सांधा म्हणजे काय ते कळतं. ओपिनेलची युक्ती याहून सोपी: मुठीच्या तोंडाशी धातूचं एक कडं आहे, ते फिरवलं की पातं अडकतं. कंपनी १८९० ची, हे कडं १९५५ मध्ये आलं. त्यात ना बारीक पट्टी आहे, ना बिघडण्याजोगं फार काही.

आता पोलाद. इथे सगळ्यात जास्त फसवणूक चालते. नुसतं 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल स्टील' याला काही अर्थ नाही. '४४०' हा पोलादाचा क्रमांक सुद्धा नुसता पुरेसा नाही, कारण धार धरून ठेवतो तो मुख्यतः कार्बन. ४४०ए मध्ये कार्बन साधारण पाऊण टक्क्याच्या आत, ४४०सी मध्ये एक टक्क्याच्या आसपास. अक्षर गाळलं असेल तर ते विसरून गाळलेलं नसतं. चिनी पोलादांची नावं मात्र वाचायला सोपी आहेत. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे कार्बन सुमारे ०.८ टक्के, क्रोमियम सुमारे १३. तसंच ३सीआर१३ म्हणजे कार्बन फक्त ०.३ च्या आसपास. असं पातं गंजणार नाही, पण धारही धरणार नाही. पात्यावर थराथरांच्या पोलादासारखी लाटालाटांची नक्षी आणि किंमत पाचशे, असं दिसलं तर ती नक्षी वरून उमटवलेली आहे असं धरून चाला.

आणि पोलाद चांगलं असूनही पाणी नीट दिलेलं नसेल तर सगळं मुसळ केरात. पाणी देणं म्हणजे पातं तापवून विझवणं, मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढणं. हे लेबलवर दिसत नाही. नाव असलेली कंपनी घ्यायची ती यासाठीच. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं रॉकवेल या कडकपणाच्या मापाने ५६ च्या आसपास असतं, म्हणजे मुद्दाम थोडं मऊ. धार लवकर उतरते, पण घरच्या दगडावर पाच मिनिटांत परत येते. माझ्या मते सामान्य माणसाला हाच सौदा परवडतो. कडक पोलादाची धार गेली की ती दगडावर परत आणायला संध्याकाळ जाते.

खोक्यांच्या पट्ट्या कापत गेलो आणि मधूनमधून वर्तमानपत्राच्या कागदावर धार तपासली. पथारीवरचा तिसऱ्या-चौथ्या पट्टीनंतर कागद फाडायला लागला. काळा आश्चर्यकारकरीत्या बरा टिकला, पातं खरंच वाईट नव्हतं. घात झाला तो कुलपात. उरलेले दोघे शेवटपर्यंत कापत राहिले, त्यातही ओपिनेलचं पातळ पातं टोमॅटोतून लोण्यातून गेल्यासारखं गेलं.

पण ठाण्यात ओपिनेल घ्यायचा तर पावसाचा विचार करून घ्यावा. मूठ लाकडाची, लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग पातं सांध्यात आवळलं जातं. अशा वेळी मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, पात्याचं टोक बाहेर डोकावतं, आणि चाकू दोन दिवस कोरड्यात ठेवायचा. शिवाय त्याची पाती दोन तऱ्हेची असतात, साध्या कार्बन पोलादाची आणि स्टेनलेस. कार्बनची धार देखणी, पण कैरी चिरली की पातं काळवंडतं आणि जुलैच्या हवेत पुसायला विसरलात तर सकाळी तांबूस ठिपके. बेलापूर-नेरूळला खाडीच्या वाऱ्यात राहणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, खोबरेल नको, ते चिकट होतं.

धार लावायला सायकलवरच्या चाकवाल्याकडे देऊ नका. घरची विळी, कात्री खुशाल द्या. पण कोरड्या फिरत्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं, कडेला निळसर झाक आली की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा. दोन बाजूंचा साधा कार्बोरंडमचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो घ्या आणि पाण्यात भिजवून वापरा.

खटक्याचे, बटन दाबताच उघडणारे चाकू या तुलनेत नाहीत आणि पथारीवर कितीही स्वस्त दिसले तरी घेऊ नयेत. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं मोडतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची सोडून. आपले चाकू त्यापासून दूर आहेत. पण तेवढ्याने भागत नाही. सणासुदीला, मोर्च्यांच्या दिवसांत ठाणे आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्यात सुरे बाळगणंही येतं. म्हणून चाकू खिशात मिरवायचा नाही. ट्रेकच्या दिवशी सॅकच्या तळाशी, डब्याशेजारी ठेवायचा, आणि परतल्यावर घरात. मॉलच्या दारात किंवा मेट्रोच्या यंत्रापुढे 'फळं कापायला आहे हो' हे वाक्य फार केविलवाणं वाटतं. विमानात तर हातातल्या सामानात नेताच येत नाही.

भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. थोडं थांबून पैसे जमव आणि स्टेनलेस ओपिनेल घे, कारण जंगलात कुलूप हवं आणि ते साधं हवं. आणि थांबायचंच नसेल तर काळ्याच्या नादी न लागता वाण्याकडची साठ-सत्तर रुपयांची स्वयंपाकघरातली सुरी घे, तिला पुठ्ठ्याचं म्यान कर आणि टेप गुंडाळ. तिला सांधाच नाही, त्यामुळे ढिला व्हायचा प्रश्न नाही. ऐरोली-महापेच्या ऑफिसात डब्यातली फळं कापायला चाकू शोधणाऱ्यालाही मी हीच सुरी सुचवेन, फार तर व्हिक्टोरिनॉक्सचा किल्लीला लावायचा ५८ मिलिमीटरचा छोटा. त्यातली कात्री पात्यापेक्षा जास्त वापरली जाते.

"म्हणजे सातशेवाला कुणीच घ्यायचा नाही?" त्याने विचारलं. मी म्हटलं, चिनी आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. सॅनरेनमू, रुइके या चिनी कंपन्यांचे चाकू नीट बनवलेले असतात, फक्त ते सहसा सातशेत मिळत नाहीत. माझा काळा आता चपलांच्या कपाटावर असतो, पार्सलची टेप कापायला. कुलपाला टाचणीएवढाही भार पडत नाही तिथे.