पाच किलो दोनशे ग्रॅम: सिग्मा १२०-३०० नऊ महिने वापरल्यावर

लेन्स आणली आणि पहिलं काम केलं ते वजन करायचं. कंपनी ३,३९० ग्रॅम सांगते. खोटं नाही ते, पण ते नुसत्या लेन्सचं. पुढचा हूड, खालची प्लेट आणि मागे माझा जुना फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा असा सगळा लवाजमा कारखान्यातल्या काट्यावर ठेवला, तेव्हा ५ किलो २०० ग्रॅम भरले. नाशिकला सातपूरमध्ये आमच्या स्टोअरमधला पोरगा म्हणाला, "साहेब, द्राक्षाची पेटी उचलून फोटो काढणार का?" आता नऊ महिने झाले. पोराचं बरोबर होतं, फक्त द्राक्षाची पेटी कुणी दिवसभर डोळ्याला लावून उभं राहत नाही.

लेन्स म्हणजे सिग्माची १२०-३०० एफ २.८, 'स्पोर्ट्स' मालिकेतली. १२० ते ३०० मिलिमीटर हा झूम, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा लहान तितकं अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक, मोठं आणि उजेड जास्त. २०१३ साली बाजारात आलेली. मी मागच्या दिवाळीच्या आधी मुंबईहून सेकंडहँड घेतली, साधारण एका बऱ्या मोटारसायकलच्या किमतीत. घरात त्या किमतीवरून जे व्हायचं ते झालं, ते इथे सांगत नाही.

घेण्याचं कारण गोल्फ क्लब मैदान. म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला तेवढं नाव सांगायला आपल्याला वेळ नसतो. जानेवारी २०२५ मध्ये तिथे महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. प्रेक्षकांत बसून माझ्या स्वस्तातल्या ७०-३०० ने फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर खेळाडू मुंगीएवढे आणि मागचे झाड, मंडप, होर्डिंग सगळं लख्ख. माझा तेव्हा समज असा की चूक '३००' या आकड्याची आहे, आणखी लांबचं पाहिजे.

तसं नव्हतं, हे ही लेन्स आल्यावर कळलं, कारण आकडा तोच, ३००. सीमारेषेबाहेर उभे राहिलात तर फलंदाज साधारण ७० मीटरवर असतो. तिथून ३०० ला सरळ उभा असलेला माणूस फुल फ्रेमच्या आडव्या चौकटीत उंचीच्या जेमतेम एक तृतीयांश येतो. गणित आहे, लेन्स कितीही महाग असली तरी बदलत नाही. १.४ पटीचा कन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं, चित्र मोठं करणारं जोडभिंग) लावला की ४२० होते आणि फलंदाज निम्म्याला थोडा कमी भरतो. प्रकाश तेवढा कमी होतो, एफ ४. उन्हात काही अडत नाही, क्रिकेटला आता तो मी काढतच नाही. दोन पटीचाही कन्व्हर्टर चालतो, ६०० एफ ५.६ मिळते. तो एका ओळखीच्याकडून आणून दोन रविवार वापरला आणि परत दिला. एवढ्या लांबून मैदानावरची हवाच जास्त दिसते. हवेचं पुढे सांगतो, त्यात माझी फजिती आहे.

पैसे मोजायचे ते एफ २.८ साठी. मुंगीएवढ्या खेळाडूंमागचं ते लख्ख होर्डिंग आठवा. या लेन्सने २० मीटरवरचा खेळाडू पूर्ण उघड्या अॅपर्चरला टिपला, तर पाऊण मीटरच्या पट्ट्यात काय ते स्पष्ट, बाकी सगळं विरघळून जातं. आपल्याकडच्या मैदानांवर हे किती मोलाचं आहे ते तिथे फोटो काढणाऱ्यालाच कळेल. मागे पाण्याची टाकी, अमुकतमुक भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, वाळत घातलेली सतरंजी, हमखास मध्ये उभा असलेला एक काका. काका अजून असतात, पण आता ते फक्त एक निळसर डाग असतात.

मुलगी नववीत आहे, खो-खो खेळते. त्यामुळे या लेन्सने सर्वांत जास्त काय पाहिलं असेल तर खो-खोच. आणि पहिला धडाही तिथेच मिळाला. नोव्हेंबरमध्ये शालेय स्पर्धा होती. मी जुन्या सवयीने मैदानाभोवती फिरायला लागलो: या खांबापाशी दोन फोटो, मग पळत त्या खांबापाशी, मग बाजूला गुडघ्यावर. तिसऱ्या डावापर्यंत डावा हात थरथरायला लागला. घरी येऊन पाहिलं तर तीनशे फोटोंत धड म्हणावेत असे अकरा. मुलीने पाहिले आणि म्हणाली, "बाबा, यात सगळ्यांच्या पाठीच आहेत."

पुढच्या वेळी त्यांच्या मॅडमनीच सांगितलं, "दादा, तुम्ही ती तोफ घेऊन एका जागी बसा. पोरींना समजू दे तुम्ही कुठे आहात ते, नाहीतर कुणीतरी येऊन आदळेल." बसलो. आणि बसल्यावर खो-खोचा एक नियम फोटोवाल्याच्या किती कामाचा आहे ते ध्यानात आलं. पाठलाग करणाऱ्या मुलीने एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत तिला मागे वळता येत नाही, बसलेल्या मुलींची मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणारी कुठेही जाईल, पकडणारी मात्र रुळावर असल्यासारखी येते. मग पळणारीच्या मागे ही पाच किलो फिरवत कशाला बसायचं? पलीकडच्या खांबाच्या रेषेत, अलीकडच्या खांबाच्या मागे पाच मीटरवर, बुटक्या स्टुलावर बसायचं. मैदान २७ मीटर लांब, म्हणजे पलीकडचा खांब तीस मीटरच्या आसपास. खो मिळून माझ्या दिशेने जी उठेल तिच्या चेहऱ्यावर फोकस धरायचा आणि ती येईल तसा झूम मागे घ्यायचा. सूर मारते त्या क्षणी ती तोंडावर असते. दात आवळलेले, वेणी हवेत, मातीचा फवारा.

यात एक पक्की अडचण आहे. अलीकडच्या, म्हणजे माझ्यासमोरच्या खांबाशी काही घडलं तर १२० सुद्धा फार लांब पडते. पाच मीटरवर चौकट दीड मीटर रुंद मिळते, सूर मारलेली अख्खी पोरगी त्यात मावतच नाही. एक तर हात कापले जातात नाहीतर पाय. दुसरा कॅमेरा गळ्यात अडकवून पाहिला, तो स्टुलाला आपटत राहतो. आता मी सरळ अलीकडच्या खांबावर पाणी सोडलंय. तिथे भारी काही झालं तर टाळ्या वाजवतो. अर्धं मैदान सोडून द्यायला मला दोन महिने लागले, पण मनात राहिलेले माझे सगळे फोटो त्या सोडून दिल्यानंतरचे आहेत.

मोनोपॉडशिवाय, म्हणजे एका पायाच्या स्टँडशिवाय, ही लेन्स घेऊच नका. झूम केलं तरी लेन्स लांब होत नाही, सगळं आतल्या आत सरकतं, त्यामुळे मोनोपॉडवर तोल एकदा जमला की ढळत नाही, हा मोठा गुण. स्टँडवर बसवायला लेन्सला खाली जो पाय येतो तो मात्र झटपट क्लॅम्पमध्ये बसणारा नाही, त्याला लांब प्लेट वेगळी लावावी लागते. ती दोन स्क्रूंनी लावा. मी एकावर भागवलं होतं, प्लेट हळूहळू फिरायची आणि माझा कॅमेराही. कॉलरचा, म्हणजे तो पाय ज्या कड्याला असतो त्याचा, स्क्रू सैल राहिल्यामुळे एका अख्ख्या फुटबॉल सामन्याचं मैदान उतारावर दिसतंय, ती चूकही माझीच. पट्टा कधीही कॅमेऱ्याला नाही, लेन्सच्या कॉलरला बांधायचा. कॅमेऱ्याच्या पट्ट्याने उचललंत तर साडेतीन किलो त्या बिचाऱ्या माउंटवर लटकतात.

हातात धरून काढायची हौस मी मविप्र मॅरेथॉनला भागवून घेतली. जानेवारीतली पहाट, गंगापूर रोडवर नाकातून वाफा निघतायत, समोरून रांगेने धावणारे येतायत आणि ३०० ने ती गर्दी एकावर एक रचल्यासारखी दिसते. सुरेख. चाळीस मिनिटं टिकलो. डावा तळहात लेन्सच्या पायाखाली, कोपर बरगडीला टेकवलेलं, हे सगळं शास्त्रोक्त करूनही दुसऱ्या दिवशी मशीनचा लिव्हर ओढताना कळ आली. बायको म्हणाली, "धावले ते ठणठणीत आहेत, आणि तुम्ही उभे राहून लंगडताय." लंगडत नव्हतो, खांदा होता, पण मुद्दा मान्य.

उजेड नसतानाच हिचं खरं मोल कळतं. संध्याकाळची कबड्डी, मॅटवर, दिव्यांखाली. माझ्या शेजारी एक जण १५०-६०० घेऊन उभा होता, ती पुढच्या टोकाला एफ ६.३ ची. जिथे मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार) ३२०० वर होतो तिथे त्याला तोच शटर वेग ठेवायला १६,००० लागत होते. त्याची लेन्स वाईट नाही, दिवसा उजेडी पक्ष्यांसाठी ती माझ्यापेक्षा बरी. दिव्यांचं एक मात्र सांभाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण एक हजारांशच्या शटरला एक फोटो उजळ, पुढचा मरगळलेला, आणि तिसऱ्यात वर पिवळं खाली निळं. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळायची सोय असेल तर चालू करा. मी आधी लेन्सवर, मग कार्डावर, मग स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला होता.

संशयावरून ती फजिती. एप्रिलमध्ये दुपारी एका मैदानावर क्रिकेट टिपत होतो. घरी आल्यावर एकही फोटो खणखणीत नाही. सगळे किंचित लोण्यासारखे. वाटलं, फोकस सरकलाय. या लेन्सला कंपनीचा यूएसबी डॉक मिळतो. तो संगणकाला जोडून चार झूम आणि चार अंतरं मिळून सोळा ठिकाणी फोकस बारीक बारीक पुढेमागे करता येतो. डीएसएलआरवाल्यांसाठी ही सोय म्हणजे वरदान, आणि माझ्यासारख्या क्वालिटी इन्स्पेक्शनच्या माणसाला तर खेळणंच. मी गच्चीवर वर्तमानपत्र चिकटवून दोन रविवार त्या सोळा आकड्यांशी झटापट केली. गच्चीवर सगळं अक्षरन् अक्षर स्पष्ट. मैदानावर पुन्हा लोणी.

तिसऱ्या आठवड्यात सामना सकाळी साडेसातला होता. पहिल्या तासाचे फोटो असे की चेंडूची शिवण मोजावी. अकरा वाजल्यापासून पुन्हा तेच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: तापलेल्या मैदानावरून वर उठणारी गरम हवा. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी दिसतं, तीच. सत्तर मीटर अशा हवेतून पाहिल्यावर कुठलीही काच काय करणार? आणि मी तर कन्व्हर्टर लावून ती हवाही मोठी करून दाखवत होतो. सोळाच्या सोळा आकडे परत शून्यावर नेले. आता एप्रिल-मेमध्ये दहानंतर मी फक्त जवळचं काढतो: डगआउट, पाणी पिणारे, पॅड बांधणारे. त्यातले काही फोटो फलंदाजीपेक्षा बरे आलेत.

कंपनरोधक, म्हणजे ओएस, मी बहुतेक बंदच ठेवतो. शटर एक हजारांशच्या वर गेला की त्याचं खेळात काम नाही, खेळाडू हलतो ते ओएस थांबवत नाही. ओएसचा दुसरा मोड, कॅमेरा बाजूला वळवत काढण्यासाठीचा, मात्र सायकलींना छान. २०१५ मध्ये आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, आणि नाशिकला सायकलवाल्यांचा तोटा कधीच नव्हता. त्र्यंबक रोडला सकाळी उभं राहायचं, शटर साठांशला आणायचा आणि मोनोपॉडवर सायकलबरोबर वळत जायचं. दहातला एक जमतो. इथे वजन मदतच करतं, हलकी लेन्स अशी गुळगुळीत फिरत नाही.

नेण्या-आणण्याचं सांगायचं तर स्कूटरच्या डिकीत बसत नाही. पुढे पायांत बॅग ठेवतो आणि प्रत्येक गतिरोधकाला देवाचं नाव घेतो. पावसाळ्यात हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा चाळीस-पन्नासच्या मध्ये. पुढच्या काचेला १०५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, तो सहज मिळत नाही आणि मिळाला की किंमत ऐकून परत ठेवावासा वाटतो. मी हूडवरच भागवतोय.

आणि कुठेही गेलं तरी एक प्रश्न ठरलेला: "नांदूरमध्यमेश्वरला जाता का?" एवढी मोठी लेन्स म्हणजे माणूस पक्षीच बघणार, अशी नाशकात खात्री आहे. एकदा गेलोही. पक्ष्यांना ३०० कमी पडते आणि तिथल्या बांधावर पाच किलो घेऊन चालणं म्हणजे शिक्षा. पक्ष्यांसाठी ही घेऊ नका.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा असेल तरी विचार करा. ही डीएसएलआरच्या माउंटची लेन्स आहे, अॅडॉप्टर लावूनच चालेल, आणि आपल्या कॅमेऱ्यावर ती कशी वागते ते घेण्याआधी मैदानात नेऊन बघा, दुकानाच्या काउंटरवर नाही. कॅननची २०२३ ची १००-३०० एफ २.८ अडीच किलोच्या जरा वर आहे, पण तिच्या किमतीत माझी आणि एक सेकंडहँड मोटारगाडी येईल. सिग्माने २०२५ मध्ये ३००-६०० एफ ४ काढली, ती चार किलोच्या घरात. म्हणजे हलकं होईल म्हणून वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही.

मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमांसाठी, सहलीसाठी, 'असू दे घरात' म्हणून घेणार असाल तर ७०-२०० घ्या, दीड किलोत काम होईल. मागच्या महिन्यात एकाने माझी विकत मागितली, भावही बरा देत होता. मी त्याला आधी रविवारी खो-खोच्या मैदानावर बोलावलं आणि दोन डाव हातात दिली. दुसऱ्या डावाला त्याने विचारलं, "काका, ते स्टूल कुठून घेतलंत?" लेन्सचं तो पुन्हा काही बोलला नाही. स्टूल भद्रकालीतलं आहे, प्लास्टिकचं, अजून मोडलेलं नाही.