अकलोलीच्या कुंडावर भेटलेला माणूस

गेल्या डिसेंबरात माझ्या बायकोच्या गुडघ्यांतून ‘पू’ काढून देतो म्हणून एका माणसाने आमचे दीड लाख रुपये नेले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं ती म्हणायची. आता तीच म्हणते, लिहा, कारण त्या कुंडांवर आमच्यासारखी म्हातारी माणसं रोज येतात.

आम्ही कल्याणला राहतो. हिचे गुडघे सहा-सात वर्षं दुखतायत. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलंय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती गप्प होते. थंडीत महिन्यातून एकदा वज्रेश्वरीला जायचं, देवीला पायथ्यावरूनच हात जोडायचे आणि अकलोलीला तानसा नदीजवळच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं, असा आमचा क्रम होता. त्या पाण्याला गंधकाचा वास येतो. पहिल्यांदा पाय टाकला की चटका बसतो, मग अंगवळणी पडतं. अर्ध्या तासाने ही उठते तेव्हा माझा हात न धरता चार पावलं टाकते. हा आराम खरा होता, आणि त्या माणसाने नेमका त्याचाच फायदा घेतला.

पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यातला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या शेजारी बसला होता. “मावशी, गुडघे का?” एवढंच विचारलं. मग म्हणाला, माझी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, आता देवीच्या बावन्न पायऱ्या स्वतः चढते. १७३९ साली वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनी जिचा नवस फेडला, त्या देवीची शपथ घेऊन तो हे सांगत होता. औषध विकलं नाही, पैशाचं नाव काढलं नाही. आईला बरं करणारे वैद्य पाटी लावत नाहीत, कधीतरीच मुंबईकडे येतात, म्हणाला. नंबर मी मागितला. तो देईना; माझाच नंबर घेतला आणि “विचारून बघतो” म्हणाला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. रविवारी दुपारी तो आणि ‘वैद्य’ दोघं घरी आले. वैद्याने हिचे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाला, कुंडाच्या पाण्याने आतला विकार सुटा झालाय, आता ओढून काढला नाही तर हाडात उतरेल. दर विचारला तर “जेवढे थेंब निघतील तेवढे, थेंबाला ४,०००” असं म्हणाला. मला वाटलं, पाच-सहा थेंब निघतील.

ब्लेडने बारीक चीर द्यायची, त्यावर पितळी नळी ठेवायची, तोंडाने ओढायचं आणि नळी स्टीलच्या ताटलीत झटकायची. दर वेळी पिवळा, घट्ट थेंब पडायचा. कुंडावर भेटलेला त्याचा जोडीदार मोठ्याने मोजत होता. ही डोळे घट्ट मिटून माझं मनगट धरून बसली होती. डाव्यातून १९, उजव्यातून २२. एकूण ४१ थेंब, १,६४,००० रुपये. मी हादरलो तेव्हा वैद्य म्हणाला, अर्धवट सोडलं असतं तर पाय गेला असता. मग उपकार केल्यासारखं दीड लाखावर आणलं. घरातले २०,००० घेतले. दुसऱ्या दिवशी जोडीदार माझ्याबरोबर बँकेपर्यंत आला, स्वतः बाहेर थांबला. मी एफडी मोडली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “काका, एवढी रोख कशाला?” मी म्हणालो, घराच्या कामाला. तसं सांगायला त्यानेच शिकवलं होतं. उपचाराचं बोललात तर गुण येत नाही, म्हणे. तुमच्याकडून कोणी असं खोटं वदवून घेत असेल, तर तिथेच थांबा आणि मुलांना फोन लावा. माझा मुलगा ठाण्यात असतो, एका फोनवर आला असता.

चौथ्या दिवशी चिरा सुजल्या, तापही आला. हाडांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग समजावलं की हिच्या गुडघ्यातली कूर्चा झिजलीय, हाडावर हाड घासतं, त्यात पू नसतोच. सांध्यात खरंच पू झाला तर माणसाला पाय टेकवत नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलात न्यावं लागतं. पिवळा थेंब नळीतच आधीपासून भरलेला असणार. कुंडाचंही त्यांनी सांगितलं. पावसाचं पाणी खोल मुरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि खडकातल्या भेगांतून वर येतं. कोकणात सातिवलीपासून राजापूरपर्यंत अशी उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत. उबेने स्नायू सैल होतात, दुखणं थोडा वेळ कमी होतं. ते पाणी आतलं काही ‘सुटं’ करत नाही.

लाजेपायी मी पोलिसांत १९ दिवसांनी गेलो. तोवर सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलं होतं आणि तो फोन बंद. तक्रार घेतलीय, तपास चालू आहे. तुम्ही पैसे ऑनलाइन दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. वैद्य असो की डॉक्टर, नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय असे उपचार करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी विचारला नव्हता.

आणि ताटली धुऊ नका. पोलिसांनी पहिली तीच मागितली. ती माणसं जिना उतरली तेव्हाच, हिला पाहवत नव्हतं म्हणून, मी ती घासून ठेवली होती.