नवा म्हणून विकलेला जुना इंजेक्टर : डिझेल गाडीवाल्यांची फसवणूक कशी होते

कॉमन रेल डिझेल गाडीचा (म्हणजे जिथे पंप एका सामाईक नळीत, रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरांना मिळतं) एखादा इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा पार्ट, गेला की मालक दोन ठिकाणी फसू शकतो. एक निदानात : खराब एकच असतो आणि चारही बदलायला लावतात. दुसरं पार्टमध्ये : नवा म्हणून दिलेला इंजेक्टर आतून जुनाच निघतो. घरी काम करणारा माणूस पहिल्या फसवणुकीतून बहुधा सुटतो, पण दुसरीत हमखास अडकतो. इथे मुख्यतः त्या दुसरीबद्दल लिहितो आहोत, कारण ती उशिरा कळते आणि तोपर्यंत पुरावा हातातून गेलेला असतो.

प्रकार असा. खोका नवा, लेबल छापील, आत चकचकीत इंजेक्टर. बसवल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते, खडखड थांबते, धूर कमी होतो. दोन-तीन आठवडे सगळं झकास. मग गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा चालू करताना सेल्फ लांबायला लागतो. हळूहळू आयडलला थरथर येते आणि एके दिवशी इंजिन तापलेलं असताना गाडी चालूच होत नाही. पार्ट परत नेला की ठरलेलं उत्तर मिळतं : "घरी बसवलात ना? बसवताना चूक झाली. याला गॅरंटी नाही." आणि माणूस गप्प बसतो, कारण आपल्या कामात कुठे काही राहिलं का याची त्याला स्वतःलाच खात्री नसते. विक्रेत्याचा सगळा धंदा या गप्प बसण्यावर चालतो.

पहिले काही आठवडे बरे का जातात, हे समजलं की लबाडी लगेच ओळखता येते. इंजेक्टरमध्ये झिजणाऱ्या जागा मुख्यतः दोन. खाली नोझल आणि तिची सुई, वर कंट्रोल व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हची बारीक सीट रेलचा दाब सतत झेलत असते. आयडलला हा दाब साधारण 250 ते 300 बार असतो आणि जोर लावल्यावर 1600 बारच्या वर जातो. जुना इंजेक्टर "नवा" करणारे लोक बॉडी धुतात, घासतात आणि खाली नवी नोझल लावतात, तीही बऱ्याचदा हलक्या प्रतीची. व्हॉल्व्हची सीट तशीच ठेवतात, कारण ती बदलायची तर मायक्रॉनच्या मापात सेटिंग करावं लागतं आणि बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या मशीनवर, तपासावं लागतं. नव्या नोझलमुळे फवारा सुधारतो, खडखड जाते, गिऱ्हाईक खूश होतं. वरून मात्र डिझेल रिटर्नमध्ये, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, गळतच राहतं आणि दर दिवसाला सीट आणखी खात जातं. डिझेल गरम झालं की पातळ होतं, गळती वाढते, सेल्फवर रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही. म्हणून पहिली तक्रार गरम इंजिनाची येते.

आता इंजेक्टर हातात घ्या. उजेड चांगला हवा, जमलं तर भिंग घ्या. नोझलच्या टोकाकडे आणि त्यामागच्या सपाट कडेकडे पाहा. ही कडा तांब्याच्या वॉशरवर बसते. न वापरलेल्या इंजेक्टरची कडा एकसारखी असते. वापरलेल्यावर वॉशरची गोल खूण उमटलेली असते आणि घासून काढली तरी बारीक कडं दिसतंच. मग वरचं तोंड पाहा, जिथे हाय प्रेशर पाइप बसतो. आत शंकूच्या आकाराची जागा असते. पाइप एकदा जरी आवळला असेल तरी तिथे पातळ चकचकीत रिंग उमटते. ही रिंग पुसता येत नाही, आणि घासायला गेलं तर शंकूच बिघडतो, म्हणून लबाडी करणारेही तिच्या वाटेला जात नाहीत. एवढी एकच खूण बघायची सवय लागली तरी पुष्कळ नुकसान टळेल. मात्र अस्सल कंपनीचा रिकंडिशन इंजेक्टरही बेंचवर लावलेला असतो, आणि नवाही कारखान्यात मोजलेला असतो, त्यामुळे रिंग असली म्हणजे पार्ट टाकाऊ असं नाही. "नवा" हा दावा मात्र तिथे संशयात येतो, बाकीच्या खुणा नीट पाहा.

बाकी खुणा भराभर पाहून होतात. नोझलच्या नटावर पान्याचे ओरखडे, कनेक्टरच्या पिनांवर सरकल्याच्या रेघा, चपटी झालेली ओरिंग, वाळूच्या फवाऱ्याने साफ केल्यासारखी खरखरीत मंद बॉडी, आणि कोरीव अक्षरांच्या खाचा उथळ किंवा भोवताली खरवडल्यासारखं. नव्या इंजेक्टरच्या नोझलला, पाइपच्या तोंडाला आणि रिटर्नला टोप्या लावलेल्या असतात. एखादी टोपी नसेल तर तो इंजेक्टर घेऊ नका, कारण जुना असो वा नवा, आत धूळ गेलेली असू शकते.

नंबरांची गोष्ट वेगळी आणि महत्त्वाची. पार्ट नंबर खोक्यावर, बॉडीवर आणि बिलावर एकच हवा. त्याशिवाय बऱ्याच इंजेक्टरवर माप जुळवायचा कोड (करेक्शन कोड) असतो : बॉशवर साधारण 6 ते 8 अक्षरांचा, डेल्फीवर बऱ्याचदा 16 अक्षरांचा, डेन्सोवर क्यूआर चौकोनासोबत लांबलचक आकडे. हा कोड म्हणजे त्या एका नगाची कारखान्यात मोजलेली कुंडली. किती वेळ उघडला की किती डिझेल सोडतो, यातला बारीक फरक त्यात लिहिलेला असतो. ज्या गाड्यांना कोड लागतो तिथे तो स्कॅनरने इसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, भरायचा असतो. आता विचार करा : नोझल बदलली म्हणजे सोडण्याचं माप बदललं, पण बॉडीवर कोड जुनाच राहिला. तो भरला तर इसीएम चुकीच्या मापावर विसंबून चालते. न भरला तर गाडी चालते, पण थरथर आणि धूर राहतो. रिकंडिशन करणाऱ्याने खरंच बेंचवर मोजून काम केलं असेल, तर त्याने नवा कोड दिला का, हे सरळ विचारा. उत्तर टाळलं तर काय ते समजा.

दुकानात समोर फवारा मारून दाखवणं हा आणखी एक फसवा खेळ. हाताच्या पंपावर इंजेक्टर लावतात, दांडा दाबला की सुंदर धुकं उडतं आणि बघणाऱ्याचं समाधान होतं. जुन्या मेकॅनिकल इंजेक्टरला ही चाचणी योग्य आहे, कारण तो ठरावीक दाबाला आपोआप उघडतो. कॉमन रेलचा इंजेक्टर विजेच्या सिग्नलवर उघडतो. त्याला खरा दाब आणि खरा सिग्नल देणारं बेंचच लागतं. बेंचचा रिपोर्ट मागा, आणि त्यात आयडल, अर्धा लोड, पूर्ण लोड, प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) आणि रिटर्न गळती अशी वेगवेगळी मापं आहेत का ते पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिपोर्टवर तुमच्याच नगाचा सीरियल नंबर हवा. एकाच चांगल्या इंजेक्टरचा रिपोर्ट दहा जणांना वाटला जातो.

खरेदीच्या आधी मात्र खराब कोणता हे सिद्ध करा, नाहीतर चांगला काढून लबाड बसवाल. सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या, इंजेक्टरसाठी रिटर्नची चाचणी घरी होते. चारही इंजेक्टरच्या रिटर्नवरचे पाइप काढून सारख्या लांबीच्या चार पारदर्शक नळ्या लावा, चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजेक्टरांवरून काढलेल्या रिटर्न लाइनचं मोकळं टोक टोपीने बंद करा (पंपाची रिटर्न लाइन नव्हे). इंजिन 5 मिनिटं आयडलला ठेवा. तिघांची पातळी जवळपास सारखी आणि एकाची दुप्पट-तिप्पट, तर आरोपी सापडला. पिझो इंजेक्टरवर (यात कॉइलऐवजी वीज दिली की लांबणारे स्फटिक असतात) ही चाचणी अशी करू नका. त्याला रिटर्नमध्ये ठरावीक दाब लागतो आणि उघड्या नळीवर तो नीट चालत नाही. गळती ठीक पण खडखड आहे, तर संशयित इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. दोष त्याच्याबरोबर गेला तर इंजेक्टर खराब, तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा वायरिंग बघा. आणि इंजेक्टरच्या बुडाशी फुस्-फुस् आवाज, भोवती डांबरासारखी काळी काजळी असेल, तर बऱ्याचदा फक्त तांब्याचा वॉशर गेलेला असतो. याच आवाजावर लोकांच्या गळ्यात पूर्ण सेट मारला जातो, याचा मनापासून राग येतो.

डिझेलचा फिल्टरही उघडून बघा. त्यात चांदीसारखी चमक दिसली तर हाय प्रेशर पंप धातू सोडतो आहे. अशा गाडीत अस्सल नवा इंजेक्टरही थोड्याच दिवसांत जाईल आणि त्यात विक्रेत्याचा काही दोष नसेल.

इंजेक्टर काढताना जिवाची काळजी पहिली. चालू इंजिनावर कॉमन रेलचा नट कधीही सैल करायचा नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर नट सैल करून मिस मारणारा सिलिंडर शोधायची पद्धत इथे जीवघेणी आहे. चालू इंजिनावर कनेक्टरही काढू नका, पिझोला तर शंभर व्होल्टच्या वर वीज असते. इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, दाब उतरू द्या. या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतला भाग सडत जातो. असं झालं तर दुखायची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

आधी भोवतालची घाण हवेने उडवा, मग पाइप काढा, आणि पाइप निघाल्या क्षणी रेलला आणि इंजेक्टरला टोप्या लावा. अडकलेल्या इंजेक्टरला गंज सोडवणारं तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) सोडून रात्रभर ठेवा, मग पुलरने सरळ वर ओढा. कनेक्टरच्या डोक्यावर हातोडा मारला तर कॉइलवालं डोकं फुटतं. बाहेर आलेल्या इंजेक्टरबरोबर वॉशर आला का, हे बघाच. जुना वॉशर भोकात चिकटून राहतो, वर नवा टाकला की नोझल तेवढी उचलली जाते, फवारा पिस्टनच्या खळग्यात पडायच्या ऐवजी काठावर पडतो आणि काळा धूर सुटतो. मग विक्रेत्याचं "बसवताना चूक झाली" हे वाक्य खरं ठरतं.

सिलिंडर हेडमधली, इंजेक्टर बसतो ती सीट साफ करताना, नोझल जिथून खाली जाते त्या हेडमधल्या छोट्या भोकात ग्रीस भरा, म्हणजे काजळी सिलिंडरमध्ये पडणार नाही. हाताने फिरवायच्या सीट कटरने हलके फिरवा, मग ग्रीस काढा. वॉशर नवा, आणि जाडीला तंतोतंत जुन्याइतका. 1.5 आणि 2 मिलिमीटरमधला फरक डोळ्याला फारसा दिसत नाही, कॅलिपरने मोजा. बॉडीला उष्णता सोसणारं ग्रीस पातळ लावा, नोझलच्या टोकाला अजिबात नाही. क्रम असा : इंजेक्टर बसवा, पाइपचा नट बोटांनी आट्यांत धरा, मग इंजेक्टर दाबून धरणारा क्लॅम्प टॉर्कला (मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराइतका) आवळा, शेवटी पाइप. क्लॅम्पचा बोल्ट आवळताना ताणला जाणाऱ्या प्रकारचा असेल तर नवाच हवा. अंदाजे करकचून आवळला तर बॉडी पिळवटते, आतली सुई अडकते आणि चांगला इंजेक्टरही खराब होतो. चालू केल्यावर गळती बघायची तर पुठ्ठा फिरवा, हात नाही.

आता पुराव्याचं. खोका उघडण्यापासून शंकूच्या रिंगपर्यंत न कापलेला एकच व्हिडिओ काढा. बिलावर "नवा" किंवा "रिकंडिशन" हा शब्द, पार्ट नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या. "ओरिजिनल" हा शब्द कामाचा नाही, जुनाही ओरिजिनल असतोच. जुना इंजेक्टर परत द्यायचा असेल तर आधी त्याचे सगळे नंबर फोटोत घ्या आणि नवा तपासून होईपर्यंत तो देऊ नका. तुमचीच बॉडी धुऊन पुढच्या गिऱ्हाइकाला जाते, आणि कधी कधी तुम्हालाच परत येते.

इंजेक्टर सोलेनॉइड असेल तर बसवल्यावर दोन दिवसांत इंजिन गरम असताना पुन्हा बाटल्या लावा. चार बाटल्यांचा, मागे घड्याळ दिसेल असा फोटो ठेवा. रिटर्नची गळती वॉशर नीट न बसल्याने येत नाही, पाइप सैल राहिल्याने येत नाही. नवा म्हणून घेतलेला इंजेक्टर दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांच्या दुप्पट गळत असेल, तर तो फोटो, व्हिडिओ आणि टॉर्कचे आकडे लिहिलेला कागद घेऊन त्याच आठवड्यात विक्रेत्याकडे जा आणि त्याच्या बेंचवर, तुमच्या डोळ्यांसमोर, सीरियल नंबर वाचून मोजणी करायला लावा.